मुडबीला नेलेली टेप

जॅझची रेकॉर्ड हातात आली की लोक आधी वाजवणाऱ्याचं नाव बघतात. मी मागची बाजू उलटून ती कुठे वाजवली आहे ते बघतो. स्टुडिओत वाजवलेली असेल तर गुपचूप परत ठेवतो. स्टुडिओतलं वादन म्हणजे दवाखान्यातलं जेवण. स्वच्छ असतं, पचतं, पण ते कुणी कुणासाठी रांधलंय असं वाटत नाही. मला माणसांसमोर वाजवलेलं हवं. त्यात खोकला हवा, खुर्ची सरकायला हवी आणि एखाद्या जागेवर मागून कुणीतरी न राहवून ‘हां’ म्हणायला हवं.

अशी माझी पाच-सहा लाडकी ध्वनिमुद्रणं आहेत. एकात बारमधला टेलिफोन वाजतो आणि पियानोवाला त्याच सुरात त्याला उत्तर देतो. एक उघड्या मैदानावरचं आहे. ऐन भरात डोक्यावरून विमान जातं आणि ट्रम्पेटवाला ते जाईपर्यंत एकच सूर धरून ठेवतो. तिसऱ्यात बास वाजवणारा गृहस्थ स्वतःशीच गुणगुणत असतो, तेही बेसूर. आमची ही म्हणते, तुम्ही संगीत ऐकता की शेजारपाजार? तिचंही खरं आहे. पण या सगळ्यांत पहिला नंबर ज्या मुद्रणाला आहे ते कुठल्याही दुकानात मिळणार नाही, कारण ते मी स्वतः केलेलं आहे. गेल्या महिन्यात तीच टेप घेऊन मी कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या मुडबी नावाच्या गावी जाऊन आलो. जॅझची टेप घेऊन मुडबीला कोण जातं, असं सगळ्यांनी विचारलं. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी टेपबद्दल सांगतो. साठ-सत्तरच्या दरम्यान मी मुंबईत नोकरीला होतो, लग्न झालं नव्हतं, आणि पगाराचा मोठा हिस्सा घालून एक स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला होता. चर्चगेटच्या रस्त्यावर तेव्हा बरीच हॉटेलं अशी होती की तिथे बँड असायचा. त्यातल्या एकात रविवारी सकाळी अकरापासून दोनपर्यंत जॅझ चाले. गोवेकर, अँग्लो-इंडियन, एखादा पारशी, असे सगळे वाजवणारे रात्रीच्या नाचाच्या गाण्यांतून सुटून त्या सकाळी मन मानेल तसं वाजवत. कॉफीचा वास, पंख्यांची घरघर, काचेतून येणारं समुद्राकडचं ऊन. त्या रविवारांइतकं मोकळं मी पुढे कधी जगलो नाही. मी एक कटलेट मागवायचो, मायक्रोफोन सॉसच्या बाटलीला टेकवून ठेवायचो आणि बटण दाबायचो. त्यामुळे माझ्या टेपांवर सगळ्यात जवळून, सगळ्यात ठसठशीत ऐकू येतो तो माझ्याच काट्याचा माझ्याच बशीवर होणारा आवाज. पुण्यात मित्रमंडळींना टेप ऐकवताना मी हे सांगतो आणि हमखास हशा मिळतो.

त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक सडपातळ, सावळा तरुण होता. सगळे त्याला लकी म्हणत. एका रविवारी त्यानं एक सूर धरला तो धरलाच. अर्धं मिनिट झालं, पाऊण झालं. तो श्वास घेईना आणि सूर हलेना. मागे बाकीचा बँड हळूहळू गप्प होत गेला. माझ्या लाडक्या मुद्रणांत पहिला नंबर त्या सुराचा. पुण्यातले जाणकार आजही म्हणतात की मी टेप कापून जोडली आहे.

पुढे हॉटेलवाल्यांनी बँड बंद करून तबकड्या लावायला सुरुवात केली आणि ती माणसं कुठे कुठे पांगली. लकी कुठला, त्याचं खरं नाव काय, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. गोव्याचा असेल असं धरून चाललो होतो. आणि त्या रविवारानंतर सतरा-अठरा वर्षांनी अचानक, माझ्या मुंबईच्या जुन्या ऑफिसातून फिरत फिरत, भालकीहून एक पोस्टकार्ड आलं. ‘टेपवाले यांस लकीचा नमस्कार. माझे नाव लक्ष्मण. ती रविवारची टेप आपल्याजवळ असल्यास मशीनसह यावे. माझ्या थोरल्या भावाला ऐकवायची आहे. उशीर करू नये.’

उदगीर ते भालकी

टेपरेकॉर्डर दळणाच्या भरल्या डब्याएवढा जड आहे. उदगीरच्या स्टँडवर भालकीची गाडी लागली तेव्हा कंडक्टरनं तो टपावर टाकायला सांगितला. मी ठामपणे नाही म्हटलं आणि डबा मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, “शिलाई मशीन हाय का?” मी टेप आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मागच्या बाकाला बातमी दिली की शिलाईचीच हाय, सांगायला लाजायलेत.

उदगीर सोडल्यावर काळी जमीन सुरू होते ती संपतच नाही. ज्वारी पोटऱ्यांत आलेली, मधून करडईचे काटेरी पट्टे, कुठे तुरीची कापणी. दोन दिवसांपूर्वी येळवस होऊन गेली होती. या भागात मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतावर जेवायला जातं आणि त्यासाठी कडब्याची खोपटी उभारतं. ती खोपटी अजून रानोमाळ उभी होती. आमच्या पुण्यात अमावास्या म्हणजे प्रवासाला न निघायचा दिवस. इथे त्याच दिवशी झाडून सगळे घराबाहेर पडतात, मला ते आवडलं.

सीमा कधी ओलांडली ते कळलं नाही. पाट्यांवरची अक्षरं गोल झाली, गाडीतली बोलणी मराठीतून कानडीत आणि कानडीतून दखनीत जाऊन परत आली, एवढंच. त्या बोलण्यांकडे कान देऊन बसलो असतानाच गाडी खड्ड्यात आदळली. स्पूलचा डबा उघडला आणि माझी अठरा वर्षांची ठेव गडगडत बाकांखाली निघून गेली.

मागे तपकिरी फीत सांडत ती थेट ड्रायव्हरपर्यंत पोचली. मी डोक्याला हात लावला. पण गाडीनं ते प्रकरण आपलं मानलं. कुणी पाय वर घेतले, कुणी कोंबडीची टोपली उचलली. लाल दाढीच्या एका आजोबांनी स्पूल मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्यानं पुसत पुसत फीत गुंडाळायला घेतली. मी घाई करायला लागलो तेव्हा ते म्हणाले, “हल्लू बा, हल्लू. तुट्या तो गया.” भालकी येईपर्यंत त्यांचं गुंडाळणं चाललं होतं. स्पूल माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं की यात काय आहे. मी म्हटलं, बाजा. ते म्हणाले की आता त्याला त्यांचा पण हात लागलाय.

भालकी

स्टँडवर लकीनं मला ओळखलं नाही, डब्याला ओळखलं. “टेपवाले,” म्हणत त्यानं आधी डबा घेतला आणि मग माझ्याकडे बघितलं. केस पांढरे झालेले, पण तसाच सडपातळ. बाजारपेठेत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी लातूरला गेलेली. त्यानं स्वतः ज्वारीच्या भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी आणि शेंगाची चटणी वाढली आणि वर करडीचं तेल ओतलं. आम्हा पुणेकरांना तेल दिसलं की डॉक्टर आठवतो. इथे तेल वाढताना पाहुण्याचा चेहरा बघतात, ताट बघत नाहीत.

जेवल्यावर टेप धडधाकट आहे का ते बघायला मी मशीन लावलं. थोडी खरखर वाढली होती, बाकी सगळं जागेवर होतं. तीच कुजबुज, तोच पंखा, तेच काटे-चमचे. मी डोळे मिटून घेतले. त्या काचेतून येणारं ऊन मला अंगावर जाणवलं. डोळे उघडले तर लकी मान खाली घालून बसला होता.

“टेपवाले, ह्यातली भांडी काढता येतेत का?”

“कुठली भांडी?”

“ही की. लोकं खायलेत ती. ताटं, चमचे.”

मी हसलो. म्हटलं, अरे, एकच मायक्रोफोन होता, सगळं एकातच मिसळलंय. आणि काढायचं कशाला? तीच तर गंमत आहे. खोलीत माणसं आहेत, जिवंत आहेत, जेवतायत, असं ऐकू येतं. मी बराच बोललो. या विषयावर मी नेहमीच बरंच बोलतो.

तो म्हणाला, “अण्णानं हे ऐकलं तर सपलं.”

मग त्यानं सांगितलं ते मी अठरा वर्षांपूर्वीच विचारायला हवं होतं. त्याच्या घरात सनई होती. थोरला भाऊ, मारुती अण्णा, ती वाजवायचा आणि लकी त्याच्या हाताखाली शिकत होता. “लगीन कुणाचं बी असू द्या, मांडवाच्या भाईर आमी. आत पंगत बसली की सुरू करायचं. पंगत उठंपर्यंत थांबायचं न्हाई. चार चार पंगती उठायच्या. शेवटाला जे उरलं ते आमच्या पदरात पडायचं. अण्णा कसा बी वाजवू द्या, आत भुरके चालूच.”

छप्पन साली त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की यापुढे कुणाच्या जेवणावर वाजवायचं नाही. पहिलं वाद्य खाली ठेवलं ते अण्णानं. “त्याच्यावानी फुंकणारा चार तालुक्यांत नव्हता. पुन्हा हात लावला न्हाई त्यानं. घरात लगीन निघालं तरी न्हाई.” लकी तेव्हा अठरा वर्षांचा होता. वर्षभरानं तो मुंबईला गेला, हॉटेलात ग्लास धुवायला लागला. एकदा बँडमास्तरनं त्याला रिकाम्या बाटलीत फुंकताना पकडलं आणि हातात क्लॅरिनेट दिलं.

“आणि घरी?”

“घरी सांगितलं की हॉटेलात स्टोअरकीपर हाय. सतरा वर्सं तेच सांगितलं. अजून बी तेच चालू हाय.”

“मग आता कशाला सांगतोस?”

“त्याचा डावा कान गेलाय. उजवा बी चाललाय म्हणतो डॉक्टर.” त्यानं मशीनच्या झाकणावरची धूळ पुसली. “अण्णा जे सोडला ते आमच्यासाठी सोडला. आमी ताठ मानेनं जगावं म्हणून. मी मातर तेच करत बसलो. त्याचा कान हाय तवर त्यानं एकदा ऐकावं आन् काय म्हणायचं ते म्हणावं. शिव्या दिल्या तरी चालंल.”

शेवटी आमचं असं ठरलं की टेप सुरुवातीपासून लावायचीच नाही. मी ती त्या लांब सुराच्या जरा अलीकडे आणून ठेवली. तिथे भांड्यांचा आवाज त्या मानानं कमी होता. डबा बंद केला आणि वरून दोरी बांधली, कारण बस काय ते मला कळलं होतं.

मुडबी

मुडबी बसवकल्याण तालुक्यात आहे. शेतीचं गाव. उतरलो तेव्हा गावात वीज नव्हती आणि ती संध्याकाळपर्यंत येत नाही असं कळलं. मी डब्याकडे बघत उभा राहिलो. पण लकीनं वाटेतच विचार करून ठेवला होता. दिवसा पंपांना करंट असतो. अण्णाच्या शेतात विहिरीवर पत्र्याची खोली आहे, मोटर बंद केली की तिथे मशीन चालेल. जॅझ ऐकण्यासाठी मी तोवर बऱ्याच ठिकाणी गेलो होतो, पंपाच्या खोलीत पहिल्यांदाच निघालो होतो.

अण्णा बांधावर उभे होते. उंच, पांढरं धोतर, डाव्या कानात कापसाचा बोळा. माझ्याकडे उजवा कान करून त्यांनी माझं नाव दोनदा विचारून घेतलं आणि ते दोनदा म्हटलं. खोलीत एकच बाज होती, तिच्यावर मला बसवलं आणि स्वतः दारातल्या दगडावर बसले. मी लटका आग्रह केला, पण ते हलले नाहीत. मोटर बंद झाल्यावर इतकं शांत झालं की बाहेर ज्वारीचं पान पानाला घासलेलं ऐकू यायला लागलं.

लकीनं सुरुवात केली, “अण्णा, मुंबईला मी स्टोअरकीपर नव्हतो.”

“म्हायती हाय,” अण्णा म्हणाले.

लकी बघतच राहिला.

“तुझ्या उजव्या अंगठ्याला घट्टा हाय. स्टोअरकीपरच्या अंगठ्याला कुठला आलाय घट्टा? बीदरच्या बँडवाल्यांच्या अंगठ्याला बघितलाव की मी. त्या काळ्या बाजाचं वझं अंगठ्यावरच असतंय.”

“मंग कामून इचारला न्हाईस इतकी वर्सं?”

“तू सांगशील म्हणून बसलो.”

लकीनं मला खूण केली. मी बटण दाबणार, तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. मशीनवरच्या दोन चकत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “हिकडं बी गुंडाळलंय, तिकडं बी. अर्ध्यातनं लावायलाव का?”

मी म्हटलं, हो, लक्ष्मणचं वादन तिथून आहे.

“आधीचं काय वाजलं ते न्हाई कळलं तर ह्याचं काय कळणार? सुरुवातीपासून लावा.”

मी लकीकडे बघितलं. त्यानं डोळे खाली केले. मी टेप मागे घेतली.

पहिल्या मिनिटातच सगळं आलं. कुजबुज, हसणं, आणि काटे, चमचे, बशा. मला आजवर ज्या आवाजांनी घरी आल्यासारखं वाटायचं ते सगळे त्या पत्र्याच्या खोलीत भरले आणि मला पळून जावंसं वाटलं. अण्णांचा चेहरा बदलला नाही, फक्त मिटला.

“थांबवा.”

मी थांबवलं.

“हे खायलेत,” अण्णा म्हणाले. “आन् तू वाजवायलास.”

“व्हय अण्णा.”

मग ते माझ्याकडे वळले. “तुमी बी व्हता?”

“होतो.”

“खायलते?”

“हो,” मी म्हटलं. “हा सगळ्यात जवळून येतो ना, तो माझ्याच बशीचा आवाज आहे.”

हेच वाक्य मी पुण्यात कितीदा तरी सांगितलंय आणि त्यावर हशा मिळवलाय. इथे ते बोलून झाल्यावर मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. अण्णा उठले, दारात जाऊन ज्वारीकडे तोंड करून उभे राहिले. लकी भिंतीला टेकून बसला होता. मला वाटलं, संपलं. डबा बंद करावा आणि तीनची गाडी धरावी.

बऱ्याच वेळानं अण्णा पाठमोरेच म्हणाले, “लावा पुढं. वाजणं अर्धं टाकून उठायचं नसतंय. आमच्यात तशी रीत हाय.”

मी बटण दाबलं. पियानो झाला, सॅक्सोफोन झाला. मग क्लॅरिनेट आलं. अण्णा वळले, येऊन मशीनपाशी खाली मातीत बसले आणि उजवा कान स्पीकरच्या कापडाला जवळजवळ टेकवला. लकीनं तो सूर धरला. मी मनातल्या मनात मोजत होतो, सवयच आहे. आणि बघतो तो अण्णांचे गाल हळूहळू फुगत होते. तोंड मिटलेलं, नाकातून बारीक श्वास चाललेला. लकीनं मुंबईत धरलेला सूर ते तिथे बसून स्वतःच्या गालात धरत होते. पुण्यातल्या जाणकारांना मी यापुढे काही सांगणार नाही. गालात हवा ठेवून नाकानं श्वास घ्यायची ही सनईवाल्यांची विद्या आहे आणि ती लकी कुणाकडून शिकला ते मला समोर दिसत होतं.

सूर संपला. टेपवर टाळ्या पडल्या. अण्णांनी एक बोट वर केलं.

“मागं घ्या.”

मी मागे घेतलं, पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा ऐकताना ते वाजणं ऐकत नव्हते, दुसरंच काहीतरी ऐकत होते.

“लक्ष्या,” ते म्हणाले, “ताटं थांबली.”

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो.

“पंगतीला वाजवणाऱ्याला दुसरं काय ऐकू येतंय? वरण फिरलं, भात आला, कोण उठायलंय, आपली पाळी कवा, समदं ताटावरनं कळतंय. बारा वर्सं तेच ऐकलो मी. माझ्या फुंकीनं एकदा बी ताट थांबलं न्हाई.” त्यांनी बोटानं स्पीकरवर हलकेच टकटक केली. “ऐका आता. लावा परत.”

मी लावलं, आणि ते बोटानं दाखवत गेले तसतसं मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं. सूर सुरू झाला तेव्हा सगळी खोली खात होती. मग लांबच्या कोपऱ्यातला किणकिणाट थांबला. मग मधल्या टेबलांवरचा. कुणीतरी चमचा अलगद खाली ठेवला. मग दारापाशी चाललं होतं ते थांबलं. ज्या शांततेला मी अठरा वर्षं टेपचा चांगुलपणा समजत होतो, ती चाळीस-पन्नास माणसांनी हातातले घास थांबवून केलेली शांतता होती.

“एक राह्यलंय,” अण्णा म्हणाले.

राहिलं होतं. जवळचं, ठसठशीत. सगळी खोली गप्प झाल्यावरही दोनदा आणखी वाजलं.

“तुमचं,” अण्णा म्हणाले.

मी मान हलवली. मग तेही थांबलं आणि नुसता सूर उरला.

“थांबलं की,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. “उशिरा का हुईना. थांबा म्हणून कुणी सांगितलं व्हतं का? मालकानं?”

“नाही. कुणीच नाही सांगितलं.”

“आपोआप?”

“आपोआप.”

त्यांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, लपवलं वगैरे काही नाही. लकी भिंतीशीच होता. तो हुंदके देत होता आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. कुणाला काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. माझ्यापुरतं सांगतो, मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले आणि धरवले नाहीत.

दुपार कलायला लागली तेव्हा वैनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, डोक्यावर टोपलं घेऊन बांधावरून आल्या. ज्वारीच्या कडक भाकरी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि येळवशीच्या आंबिलाची गोडी लागली म्हणून कालच पुन्हा केलेलं थोडं आंबील. खोलीबाहेर कडुलिंबाखाली घोंगडी अंथरली. चार ताटं मांडली. रीतीप्रमाणे वैनींनी पहिलं ताट माझ्यापुढे सरकवलं. पाहुणा, त्यातून पुण्याचा.

अण्णांनी हातानं ते ताट अडवलं.

“पाहुण्याला मागनं,” ते म्हणाले. “आधी वाजवणाऱ्याला वाढ.”

वैनींना काही कळलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मी म्हटलं, बरोबर आहे, त्यालाच द्या. त्यांनी ताट लकीपुढे ठेवलं आणि वाढलं. लकी नको नको म्हणत होता. अण्णा म्हणाले, “खा.”

मग लकी खायला लागला. भाकरी कडक होती, मोडताना आवाज व्हायचा. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून, चांगला कान त्याच्याकडे करून बसले होते. वैनीही टोपल्याशी थांबल्या. तो जेवून हात धुईपर्यंत आम्ही कुणीच ताटाला हात लावला नाही.